डोमा मिस्त्रीचा धावडा

लग्न होऊन मी वर्ध्याहून चामोर्शीला आले, तेव्हा शेजारच्या डोमा मिस्त्रीशी माझी पहिली भेट झाली ती भांडणानं. मी अंगणात सरपण फोडत होते. आमचे हे शाळेत मास्तर. कुऱ्हाड त्यांनी बाजारातून आणलेली, म्हणजे दांडा कसला असणार ते सांगायला नको. दोन घावांत पातं लटलट करायला लागलं आणि कुंपणापलीकडून एक उंच, हडकुळा माणूस ओरडत सरळ आमच्या अंगणात शिरला. खाकरणं नाही, विचारणं नाही. अंगभर भुसा, कानावर पेन्सिल. माझ्या हातातली कुऱ्हाड काढून घेऊन त्यानं दांड्याचा वास घेतला आणि मेलेला उंदीर फेकावा तसा दांडा उकिरड्याकडे भिरकावला.

"साग दाराले लावावा, खिडकीले लावावा," तो म्हणाला. "कुऱ्हाडीले काऊन लावला?"

मला असा संताप आला की विचारू नका. नवी नवरी, डोक्यावर पदर, आणि हा कोण टिकोजीराव माझी कुऱ्हाड घेऊन चालता झाला. पण चूल पेटेपर्यंत तो परत हजर. नवा दांडा फिकट पिवळसर, हाताला तुळतुळीत, आणि वजनाला असा की मनगट खाली गेलं. "मारा आता," म्हणाला. मी रागारागानंच मारला. ओंडका दुभंगला आणि माझ्या तळहाताला झिणझिणी म्हणून आली नाही. घावाचा सगळा हिसका त्या दांड्यानं पिऊन टाकला होता. डोमा मिस्त्री माझ्याकडे बघून असा हसत होता जसं काही ते झाड त्यानंच जन्माला घातलं.

"धावडा हाय, मास्तरीणबाई," तो म्हणाला आणि जो बोलत सुटला तो माझा भात करपेपर्यंत.

हळू बोलणं त्याला ठाऊकच नव्हतं. सकाळी त्यानं बायकोला पाणी मागितलं की तीन घरांतल्या बायका तांब्या घेऊन उठायच्या. आणि विषय एकच. तेव्हा गडचिरोली वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदा जिल्हाच, आणि सगळीकडे सागाचा तोरा. जो तो म्हणणार, आमच्याकडचा साग असा, आमच्याकडचा साग तसा. डोमाजी मात्र सागाला 'सायबाचं लाकूड' म्हणायचा. बसून राहायला बरं, कामाला नाही. त्याचा जीव धावड्यावर. राखाडी सालीचं, गुळगुळीत अंगाचं ते झाड थंडीत तांबूस होतं. बाळंतिणीच्या लाडवातला डिंक त्याचाच, हे मला ठाऊक होतं. पण कुऱ्हाडीचा दांडा त्याचा, कावडीची काठी त्याची आणि बैलगाडीची दोन चाकं जोडणारा आडवा कणाही त्याचाच, हे डोमाजीनं शिकवलं. ओला धावडा पाण्यात टाकला की दगडासारखा बुडतो. खिळा ठोकायला जाल तर खिळा वाकतो. आणि भार पडला की लवतो, भार उतरला की पुन्हा सरळ.

धावड्याचे दोषही तो तितक्याच कौतुकानं सांगायचा. मातीत पुरला की वाळवी खाते, म्हणून घराच्या खांबाला चालत नाही. उन्हात घाईनं वाळवला तर आतून चिरतो आणि वरून पत्ता लागू देत नाही. "त्याले रिकामं ठेवू नोका अन घाई करू नोका," असं तो सांगायचा. घाईचं त्यानं सांगावं म्हणजे कमालच. त्याला स्वतःला जेवण ताटात पडेपर्यंत दम नसायचा. वरणाच्या वाटेकडे डोळे लावून कोरडा भात अर्धा संपवायचा.

चीर पडू नये म्हणून तो ओंडके गावाबाहेरच्या बोडीत, म्हणजे आमच्या लहान तळ्यात, गाळात दाबून ठेवायचा. दोन पावसाळे पाण्यात, मग सावलीत. वरून काहीच दिसायचं नाही. कुठला ओंडका कुठे आहे, ते सगळं त्याच्या डोक्यात. एकदा कंबरभर पाण्यात उभा राहून पायानं चाचपत असताना तो ओरडला, "सापडला." त्यानं दोर मागवले, पोट्टे गोळा केले, सगळ्यांनी ताकद लावून ओढलं आणि चिखलातून बाहेर आली ती कुणाची तरी जुनी, मोडकी डोणी, म्हणजे ओंडका कोरून केलेली होडी. बोडीच्या काठावर हसून हसून लोकांची पुरेवाट. डोमाजीनं डोणीवर दोनदा बोट वाजवलं आणि म्हणाला, "मोहाची हाय. बिचारी." आणि पुन्हा पाण्यात.

आता पार्बताबाईंबद्दल सांगते. त्यांच्याशिवाय डोमाजी अर्धाच.

पार्बताबाई त्याची थोरली बहीण. लवकर विधवा झालेली, भावाच्याच आवारात वेगळ्या खोलीत राहायची आणि लोकांचं धान कांडून पोट भरायची. तिची ढेकी त्यांच्या बापानं धावड्याच्याच लांब तुळईची केलेली होती. एका टोकाला मुसळ, दुसऱ्या टोकावर पाय. पाय दाबला की मुसळ वर, पाय सोडला की उखळात. पहाटेपासून तो धप धप आवाज आमच्या भिंतीतून यायचा. गावात आणखी बायका कांडायच्या, पण बाईंच्या तांदळात कणी नसायची, असं सगळे म्हणत. अंगानं भारदस्त, बोलायला मोजकी. भाऊ जेवढा फटाका तेवढीच ही ओल्या लाकडासारखी धुमसणारी. तो तिला 'बाई' म्हणायचा आणि सगळ्या दुनियेत भ्यायचा तो तिलाच.

डोमाजीचा कोणताही कणा तिच्या पायाखालून गेल्याशिवाय आवाराबाहेर पडत नसे. ही त्यांची रीतच. दोन दगडांवर कणा आडवा ठेवायचा, त्याच्यावर धानाची पोती रचायची आणि पोत्यांवर पार्बताबाई चढायची. पदर खोचून, भिंतीला एक हात लावून ती ढेकी दाबावी तसा पाय दाबायची, सोडायची, दाबायची. लाकूड खालून काय म्हणतं ते तिच्या तळपायाला कळायचं. मग ती दोनपैकी एक बोलायची. "दे," नाहीतर "चुलीत घाल." मार्कंड्याच्या जत्रेआधी गाडीवाल्यांची आवारात ही रांग. कण्याला एवढी रांग नाही, जेवढी बाईंच्या त्या एका शब्दाला. तिनं "चुलीत घाल" म्हटलं की डोमाजी आकाशपाताळ एक करायचा, धावड्याची शपथ घ्यायचा, बापाला मध्ये आणायचा. पण कणा चुलीतच जायचा.

अशात आमच्या गावच्या हसनभाईंनी धानाची गिरणी काढायचं ठरवलं. हसनभाई किराण्याचे व्यापारी, दिलदार माणूस, नव्या गोष्टींचा भारी सोस. नागपुरातून डिझेल इंजिन घेतलं आणि ते आगगाडीनं मूलच्या स्टेशनात येऊन पडलं. मूल वैनगंगेच्या पलीकडे, चामोर्शी अलीकडे, आणि हरणघाटाला पूल नाही. ट्रक रेतीत रुतणार. इंजिन एकसंध, त्याचे तुकडे करता येत नाहीत. ते बैलगाडीवरच आणायचं होतं. कुणी म्हणालं, लोखंडी कण्याची गाडी बघा, मूलला आली आहे.

झालं. हे डोमाजीच्या कानावर गेलं आणि त्यानं बाजारात उभं राहून सांगितलं की लोखंड वाकलं का वाकलं, धावडा वाकते अन परत येते. इंजिन त्याच्या कण्यावर येईल, नाहीतर तो पुन्हा वाकसाला हात लावणार नाही. वाकस म्हणजे त्याचं तासण्याचं हत्यार. घरी आला तो नाचतच. आमच्या यांना बोलावून जमिनीवर कोळशानं गाडी काढून दाखवली, माझ्या सासूबाईंना दाखवली, आमच्या गाईलाही दाखवली असती. "मास्तरीणबाई, आखं चांदा पाहील," म्हणाला.

त्याच्या एक गोष्ट लक्षातच आली नव्हती. भिंतीपलीकडची ढेकी त्या दिवशी दुपारीच थांबली होती.

गिरणी आली म्हणजे कांडणाऱ्या बायकांचं काम गेलं. हे समजायला शाळा लागत नाही. पार्बताबाई भांडली नाही, रडली नाही. ती त्याच्याशी बोलायची बंद झाली. त्याच्या दारावरून जाताना मान दुसरीकडे. तो तिच्या दाराशी उभा राहून ओरडून समजूत घालायचा, की गिरणी येणारच आहे, माझ्या कण्यावर नाही तर दुसऱ्याच्या. मला त्याचा राग यायचा आणि दयाही यायची. उत्साहात माणूस आंधळा होतो, म्हणतात ना, ते मी रोज कुंपणावरून बघत होते.

एवढा जाड कणा करायचा तर तसा ओंडका हवा. बोडीत तसा एकच होता आणि त्याचा दुसरा पावसाळा अजून व्हायचा होता. डोमाजीनं तो काढला. बोट वाजवलं, कान लावला आणि जाहीर केलं की पिकला आहे. कान लाकडाला लावला होता, पण ऐकत होता तो स्वतःचंच. रात्रंदिवस तासून कणा तयार केला. दिसायला असा देखणा की हात फिरवावासा वाटे. फक्त बाई चढली नव्हती.

मग काय सुचावं त्याला? मला बोलावलं. मी पोत्यांवर चढले, भिंत धरली, पाय दाबला. "काई समजलं?" तो खालून विचारी. मी म्हटलं, भीती समजली. सासूबाई दारात उभ्या राहून पदरात हसत होत्या. डोमाजीनं कपाळाला हात लावला.

गाडी मूलला निघायच्या सकाळी आवारात ही गर्दी. हसनभाई नवी टोपी घालून आलेले. बैलांच्या शिंगांना रंग. कणा अजून दगडांवरच, त्यावर पोती, आणि डोमाजी उगीच पोत्यांभोवती फेऱ्या मारत होता. तोंडानं बडबड चालूच, पण डोळे बहिणीच्या दाराकडे. हसनभाई म्हणाले, "चला मिस्त्री, देर हो रही है." तेवढ्यात ते दार उघडलं.

पार्बताबाई बाहेर आली, कुणाकडे न बघता पदर खोचला आणि पोत्यांवर चढली. तिनं पाय दाबला, सोडला. पुन्हा दाबला. मग थांबली.

"कुरकुर करून राह्यला," ती म्हणाली. कित्येक दिवसांनी तिचा आवाज ऐकला आम्ही.

"नाई, बाई. पोत्याचा आवाज हाय तो."

तिनं त्याच्याकडे पाहिलं. मग भिंतीचा हात सोडला, दोन्ही पायांवर उभी राहिली आणि सगळं अंग टाकून दाबलं. कडाड असा आवाज झाला की बैल उधळले. पोती घरंगळली, पार्बताबाई धानाच्या ढिगात बसली आणि तो देखणा कणा मधोमध लांबच लांब चिरून पडला. आतली चीर काळी होती, जुनी. बोडीतून घाईनं काढला त्याच दिवसाची.

मी डोमाजीकडे पाहूच शकले नाही. माझ्या मनात आलं, या बाईनं आज नुसतं दार लावून घेतलं असतं, तर कणा नदीत मोडला असता, इंजिन वैनगंगेत गेलं असतं आणि हिची ढेकी आणखी कितीतरी वर्षं चालली असती. हे आवारातल्या प्रत्येकाच्या मनात आलं असणार. डोमाजीच्या तर आलंच.

"बाई, तू काऊन चढली?" त्यानं विचारलं.

"नदीत मोडला असता तं तुहं तोंड कोनं पाह्यलं असतं?" ती धान झटकत उठली. मग स्वतःच्या खोलीकडे बोट केलं. "ढेकी घे. बापाच्या हातची हाय. माह्या जन्माआधी वाळली."

तो नाही म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाला. तिनं पुन्हा सांगितलं, आता जरा चिडून, की उद्या ढेकीवर कांडायला कोण येणार आहे, घ्यायची तर घे, नाहीतर मीच चुलीत घालते.

ढेकीला पुढे मुसळाचं भोक आणि मागे खुंटीचं भोक. त्या दोन भोकांमधला सलग तुकडा कण्याला बेताबेतानं पुरला. जुना धावडा किती कडक होतो ते तेव्हा पाहिलं. वाकसाची धार दर थोड्या वेळानं मरायची. डोमाजी दगडावर धार लावायचा, पुन्हा तासायचा, आणि तोंडातून शब्द नाही. तयार झाला तेव्हा बाई पुन्हा चढली. दाबलं, सोडलं, दाबलं. "दे," म्हणाली आणि उतरून चूल पेटवायला गेली.

इंजिन नदीवर येणार त्या दिवशी शाळा दुपारीच सुटली. सुटली म्हणजे पोरं पळाली आणि मागून मास्तर. हरणघाटाच्या अलीकडच्या काठावर सगळी चामोर्शी लोटली होती. आम्ही बायका एका बाजूला, पार्बताबाई आमच्यात. पलीकडून गाडी उतरताना दिसली. तीन जोड्या बैल, वर दोरांनी करकचून बांधलेलं ते काळं धूड, आणि गाडीच्या बाजूनं धावणारा डोमाजी. आवाज परत आला होता त्याचा. नदीच्या पार ऐकू येत होता.

पाणी मांडीएवढंच होतं, पण मधे रेतीचा उंचवटा. डावं चाक त्यात रुतलं आणि गाडी कलली. बैलांनी जोर लावला. सगळा भार कण्यावर आला आणि आमच्या डोळ्यांसमोर तो मधे खाली लवला. चाकांचे माथे एकमेकांकडे झुकले. हसनभाईंनी डोळे मिटून घेतले. माझ्या शेजारी पार्बताबाईचा उजवा पाय रेतीत दाबला जात होता, सुटत होता, पुन्हा दाबला जात होता. तिला तरी ते कळत होतं की नाही देव जाणे.

डोमाजी गाडीखाली वाकला, कण्याला हात लावून पाण्यातून चालायला लागला आणि गाडीवानाला ओरडला, "थांबू नोको. त्याले येते." बैलांनी आणखी एक हिसका दिला, चाक रेतीतून निघालं, गाडी धाडकन सपाटीवर आली आणि दोन्ही चाकं पुन्हा ताठ उभी राहिली. लवलेला कणा परत आला होता. काय तो गलका झाला काठावर. पागोटी उडाली, पोरं पाण्यात शिरली, मी सून आहे हे विसरून टाळ्या वाजवल्या. आमचे मास्तर कुणाच्या तरी गळ्यात पडले होते, नंतर कळलं की तो गाडीवान होता.

हसनभाईंनी डोमाजीला मिठी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, माग काय मागतोस. ओल्या धोतरात थरथरत तो म्हणाला की गिरणीत पाखडायला, चाळायला माझी बहीण राहील.

हसनभाई हो म्हणायच्या आत पार्बताबाई पुढे आली. "मले इचारलं का?" तिनं भावाला सुनावलं. मग हसनभाईंकडे वळली. "पाखडासाठी नाई येनार, भाऊ. कोनाचं धान कवा भरडाचं, तांदूळ कवा निंघाला अन कणी काऊन पडली, हे मी सांगीन. चालते तं बोला." हसनभाई हसून म्हणाले, "चालते, बाई." कांडणाऱ्या इतर बायकांपैकी दोघींना तिनं पुढे गिरणीत ओढलं. बाकीच्यांचं काही झालं नाही. त्या धानाच्या रोवणीला, तेंदूपत्ता तोडायला जायला लागल्या. हे मी गोड करून सांगणार नाही.

गिरणी सुरू झाली तेव्हा गावानं पेढे वाटले. डोमाजी गेला नाही. त्या कण्याबद्दल लोक विचारायचे, तर तो विषय कुऱ्हाडीच्या दांड्यावर न्यायचा. आमच्या भिंतीतून धप धप येणं बंद झालं आणि कित्येक महिने मला पहाटे जागच येईना.

पुढे आमची बदली चांद्याला झाली. निघायच्या दुपारी सामान मोटारीवर चढलं. मोटार गिरणीवरूनच जायची. इंजिन जोरात चालू होतं आणि बाहेरच्या ओट्यावर डोमाजी बसला होता, मांडीवर फडक्यात बांधलेली भाकर आणि शेजारी पाण्याचा तांब्या. लोक सांगत, बाई कामाला लागली तेव्हापासून रोज येतो, आत पाऊल टाकत नाही, बाईंचं काम संपेपर्यंत असाच बसून राहतो. मी खिडकीतून हाक मारली, "डोमाभाऊ, जातो आम्ही."

तो उठला नाही. हातानं थांबा अशी खूण केली.

"थांबा जराक, मास्तरीणबाई. इंजिनाचा पट्टा उतरू द्या," तो म्हणाला. "बाईनं सकाळपासून काई खाल्लं नाई. तिचं जेवन झालं का मंग बोलू."

आमची मोटार काही थांबली नाही.